नमुना देणारे आपण, नमुना वाचणारेही आपणच हवेत : मॉलिक्युलर मेडिसिनमधील संशोधनाची वाट

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पाणी दत्तमंदिरात शिरते, दक्षिणद्वार सोहळा होतो, वर्तमानपत्रांत फोटो येतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी देवळापुरते थांबले नाही. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे बुडाली. पाणी ओसरल्यावर जे येते त्याचे फोटो मात्र फारसे छापून येत नाहीत. चिखल, मेलेली जनावरे, घाण झालेल्या विहिरी आणि त्यानंतरचा ताप. हा ताप डेंग्यूचा, लेप्टोचा, टायफॉइडचा की साधा, हे नुसते रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. ते रक्ताचा नमुना सांगतो.

हा नमुना आपल्या वस्तीतून निघतो. अनेक गावांत आपल्या वस्त्या सखल जागी आहेत, म्हणून पाणी आधी तिथे येते आणि जाते शेवटी. नमुना तालुक्याला जातो, तिथून कोल्हापूरला किंवा मिरजेला, गरज पडली तर पुण्याला. पुढे काय होते, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. तो नमुना वाचणारा, त्यावर संशोधन करणारा आणि पुढची पाच वर्षे कोणत्या आजारावर पैसा खर्च व्हावा हे ठरवणारा माणूस आपल्या वस्तीतून आलेला क्वचितच असतो. आपल्या समाजात डॉक्टर झाले, वकील झाले, प्राध्यापक आणि अधिकारी झाले. वैद्यकीय संशोधक मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत. ही वाट काय आहे, तिच्यावर कसे चालायचे आणि कुठे अडथळे आहेत, हे तरुण मुलांना आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना समजावे म्हणून हा लेख.

मॉलिक्युलर मेडिसिन म्हणजे काय?

ताप, सूज, गाठ ही आजाराची बाहेरून दिसणारी खूण झाली. आजार त्याआधी शरीरातल्या रेणूंच्या पातळीवर घडलेला असतो. डीएनए, आरएनए आणि प्रथिने हे ते रेणू. त्या पातळीवर कारण शोधायचे, तिथेच निदान करायचे आणि जमल्यास तिथेच उपचार करायचा, याला मॉलिक्युलर मेडिसिन म्हणजेच रेण्वीय वैद्यक म्हणतात. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणामही दूर होतो, हे भगवान बुद्धांनी दुःखाविषयी सांगितले. या शास्त्राची विचार करण्याची रीत आपल्याला परकी वाटू नये.

पुरानंतरच्या लेप्टोचेच पाहा. उंदरांच्या लघवीतून जिवाणू पाण्यात येतात आणि चिखलात अनवाणी फिरणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी पहिल्या काही दिवसांत फसू शकते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायलाच साधारण आठवडा लागतो. पीसीआर चाचणी मात्र जिवाणूचा डीएनएच शोधते, म्हणून ती तापाच्या पहिल्या दिवसांतच उत्तर देऊ शकते. डॉक्टर संशयावरूनही औषध सुरू करतात. पण गावात नेमकी कोणती साथ आहे हे चार दिवस आधी कळले, तर गोळ्या कोणाला वाटायच्या आणि फवारणी कुठे करायची हे ठरवता येते.

क्षयाचेही तसेच. पूर्वी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. औषधाला न जुमानणारा क्षय ओळखायचा तर जंतू वाढवून पाहावे लागत आणि त्यात आठवडे जात. आता सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देणार का, हे दोन्ही सांगते. असेच काम करणारे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बनवले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रे सरकारी दवाखान्यांत आहेत. त्यांच्यामागे कुणाची तरी अनेक वर्षांची संशोधनाची मेहनत आहे.

उपचारातले ताजे उदाहरण मुंबईचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांवर कार-टी पेशींचा उपचार विकसित केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारा जनुक घालायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला भारतात परवानगी मिळाली. परदेशात काही कोटींना मिळणारा उपचार इथे काही लाखांवर आला. आपल्या माणसाला तोही परवडत नाही, हे खरेच आहे. पण तो आणखी स्वस्त कसा करायचा, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे. तो कोणाला महत्त्वाचा वाटतो, हे संशोधक कुठून आला यावर बरेच अवलंबून असते.

हे शास्त्र सुरू झाले ते सिकलसेलपासून

आपल्या समाजाने जरूर माहीत करून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. जगात ज्या आजाराला सर्वप्रथम ‘रेण्वीय आजार’ असे नाव मिळाले, तो सिकलसेल. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. पुढे १९५०च्या दशकातच व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक नेमका कुठे आहे हे सांगितले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येते. डीएनएतले एक अक्षर बदलते आणि त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात.

हा आजार विदर्भात, नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. कोल्हापूर-सांगलीकडे तो फारसा दिसत नाही, म्हणून इकडच्या कार्यकर्त्यांना तो दूरचा वाटतो. पण आता सोयरिकी सगळ्या महाराष्ट्रात होतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते. एका साध्या रक्तचाचणीने हे लग्नाआधी कळते.

काही जण या आजाराला ‘त्या जातीच्या रक्ताचा दोष’ म्हणतात. ते धादांत खोटे आहे. हाच जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे हा जनुक टिकला, कारण वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. याला जात कारण नाही, डास आणि दलदल कारण आहे. हे आपल्या भाषेत, आपल्या माणसांना ठामपणे सांगणारा शास्त्रज्ञ आपल्यातला असला तर त्याच्या शब्दाला वेगळे वजन येते.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करून सिकलसेलवर उपचार करायला परवानगी मिळाली. म्हणजे ज्या आजाराने हे शास्त्र जन्माला आले, त्याच्या उपचाराचे दार आता उघडते आहे. त्या दारातून आपण फक्त रुग्ण म्हणून आत जायचे का, एवढाच प्रश्न आहे.

संस्था कोणत्या?

महाराष्ट्रात या क्षेत्रात देशातल्या नावाजलेल्या संस्था आहेत.

खारघरची ‘अॅक्ट्रेक’ ही टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था. कर्करोग पेशीच्या आत कसा सुरू होतो इथपासून रुग्णावरच्या चाचण्यांपर्यंत सगळे एकाच आवारात चालते. तिची मुळे १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहेत. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथेच पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. इथली पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तिचे विषय. सिकलसेलवर काम करायचे ज्याच्या मनात आहे, त्याने हे नाव वहीत लिहून ठेवावे. परळलाच आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आहे.

पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही आहे. १९५२ मध्ये ती व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली आणि कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. शिवाय आयसर, आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत.

सुरुवात मात्र घराजवळून होते. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळच्या मुलांना जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, मिरज इथे विज्ञानाची महाविद्यालये आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. एम.एस्सी.पर्यंत पुण्या-मुंबईला जायलाच हवे असे नाही.

बारावीनंतरची वाट

आपल्या घरांत बारावी सायन्स म्हणजे नीट असा समज पक्का आहे. नीटमध्ये गुण कमी पडले की मुलगी नाइलाजाने बी.एस्सी.ला जाते आणि तीन वर्षे पराभव झाल्यासारखी शिकते. ही पहिली चूक. संशोधनाची वाट बी.एस्सी.तूनच जाते. तिथे नीटचे गुण कोणी विचारत नाही.

वाट साधारण अशी आहे. बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जीवरसायन घेऊन बी.एस्सी. करायचे, किंवा आयसरची अॅप्टिट्यूड टेस्ट देऊन थेट पाच वर्षांच्या बीएस-एमएसला जायचे. आयसरमध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत. बोर्डात वरच्या १ टक्का विद्यार्थ्यांत येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळू शकते. वर्षाला ८०,००० रुपयांची ही मदत अनेक पात्र मुलांना माहीतच नसते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणि एम.एस्सी.त असताना उन्हाळ्यात एखाद्या संशोधन संस्थेत दोन महिने काम करून पाहावे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. त्यात विद्यावेतन मिळते आणि अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी भरावा लागतो. एम.एस्सी.चा प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करता येतो का, हे विभागात विचारावे. हे दोन महिने फार मोलाचे असतात, कारण संशोधन आपल्याला आवडते की नाही हे पुस्तकातून कळत नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा देता येते. विषय ‘लाइफ सायन्सेस’. पदव्युत्तर परीक्षेत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ५० टक्के गुण पुरतात, खुल्या प्रवर्गाला ५५ लागतात. वयातही ५ वर्षांची सवलत आहे. पेपर तीन तासांचा आणि २०० गुणांचा. पहिल्या भागात सामान्य बुद्धिमापन, दुसऱ्यात विषयाचे ज्ञान, तिसऱ्यात विचार करायला लावणारे प्रश्न. एकटा तिसरा भाग १०० गुणांचा आहे आणि पाठांतर करणारी मुले तिथेच मागे पडतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. याशिवाय जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’, आयसीएमआरची फेलोशिप, ‘गेट’ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षा हेही मार्ग आहेत. काही संस्था स्वतःची परीक्षा घेतात. एकाच परीक्षेवर सगळे ठेवू नये.

नेट-जेआरएफ मिळाली की पीएच.डी.साठी मुलाखती देता येतात. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये आहे. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे वेगळे. म्हणजे पीएच.डी. करणारा घरावर ओझे नसतो. हे आई-वडिलांना नीट समजावून सांगण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे, कारण ‘अजून किती शिकणार?’ या एका प्रश्नावर अनेकांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण थांबते.

आत गेल्यावर काय शिकतात?

पहिले काही महिने वर्गातला अभ्यासक्रम असतो. संशोधनाची पद्धत, संख्याशास्त्र, संशोधनातील नीतिनियम. मग मार्गदर्शक ठरतो आणि प्रयोगशाळेतले काम सुरू होते. पिपेट हातात धरून लिटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे द्रव अचूक मोजायचे. डीएनए वेगळा करायचा, पीसीआर लावायची, पेशी वाढवायच्या आणि त्यांना संसर्ग होऊ द्यायचा नाही. पेशी रविवारही पाळत नाहीत आणि सणही पाळत नाहीत. रोजचा प्रयोग तारखेनिशी वहीत लिहायचा, फसला तरी लिहायचा. प्रयोग फसतात आणि पुष्कळदा फसतात. एक निष्कर्ष हाती लागायला सहा महिने गेले, तर ते नालायकीचे लक्षण नाही. तो कामाचा स्वभावच आहे.

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला सर्वांसमोर आपले काम मांडायचे असते. तिथे प्रश्न विचारले जातात, कधी टोचणारे. मार्गदर्शकाने सांगितले म्हणून मान्य करायचे नाही, पुरावा काय ते पाहायचे, ही तिथली रीत असते. निदान असायला हवी. कालामांना भगवंतांनी जे सांगितले त्याची उजळणी ज्या मुलांनी विहारात केली आहे, त्यांना ही रीत नवी नाही.

अडचण येते ती इंग्रजीची. शोधनिबंध इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेली मुले पहिले वर्ष गप्प बसतात आणि गप्प बसणाऱ्याला येत नाही असे समजले जाते. यावर उपाय आधीपासूनच करायचा. बी.एस्सी.ला असतानाच आठवड्याला एक शोधनिबंध, निदान त्याचा सारांश, वाचायचा आणि मित्राला मराठीत समजावून सांगायचा. मराठीत समजावता आला म्हणजे विषय कळला. इंग्रजी मागून येते. जोडीला संगणकाची भाषा म्हणून पायथॉन किंवा आर शिकावी. जनुकांची माहिती आता इतकी प्रचंड झाली आहे की संगणकाशिवाय ती वाचता येत नाही, आणि हे शिकायला प्रयोगशाळा लागत नाही.

दाखले आणि फेलोशिप

१९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळू लागल्या. पण केंद्रीय संस्थेत केंद्र सरकारच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. त्यावर केंद्राच्या यादीतल्या जातीचे नाव स्पष्ट हवे. नुसते ‘नवबौद्ध’ लिहिलेल्या दाखल्यावर मुले अडकल्याच्या तक्रारी आपल्याकडे जुन्या आहेत. हा दाखला मुलाखतीच्या आठवड्यात काढायचा नसतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच काढून ठेवावा आणि वैधता प्रमाणपत्राचे कामही तेव्हाच सुरू करावे.

एम.एस्सी.पर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पीएच.डी.साठी केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आणि राज्यात बार्टीची फेलोशिप आहे. परदेशी जायचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे.

कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली. फेलोशिपचा पहिला हप्ता कित्येक महिने उशिरा येणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. घरून पैसे मागवू शकणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. ज्याच्या घरी ऊसतोडणी किंवा मजुरी आहे, तो त्या महिन्यांत शिक्षण सोडतो. रोहित वेमुलाची फेलोशिप थांबलेली होती, हे आपण विसरलेलो नाही.

पीएच.डी.नंतर

पुढे पोस्ट-डॉक्टरल संशोधन, विद्यापीठात प्राध्यापक, आयसीएमआर किंवा सीएसआयआरच्या संस्थांत शास्त्रज्ञ हे मार्ग आहेत. पण तेवढेच नाहीत. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट आहे, एमआरएनए लस बनवणारी जिनोव्हा आहे. निदान किट बनवणाऱ्या कंपन्या, जनुकीय चाचण्यांच्या प्रयोगशाळा, औषधांच्या चाचण्यांचे व्यवस्थापन, पेटंट कायदा, विज्ञान लेखन या सगळ्या ठिकाणी प्रशिक्षित माणसे लागतात. ज्याला पाच-सहा वर्षे देणे शक्य नाही, त्याने एम.एस्सी.नंतर प्रकल्प सहायक म्हणून किंवा डीएमएलटी करून प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करण्यात कमीपणा मानू नये. चांगल्या तंत्रज्ञाशिवाय एकही प्रयोगशाळा चालत नाही. शासकीय शास्त्रज्ञपदाच्या जागा थोड्या आहेत आणि स्पर्धा मोठी आहे, हे मुलांना आधीच सांगावे. खोटी स्वप्ने दाखवू नयेत.

आरक्षणाची मेख

कार्यकर्त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशासाठी २००६ चा आरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम ४ ने परिशिष्टातल्या काही संस्थांना वगळले. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था तिच्या घटक केंद्रांसह आहे. अध्यापकांच्या भरतीसाठीच्या २०१९ च्या कायद्यातही अशाच संस्था वगळल्या आहेत. याशिवाय गट ‘अ’मधल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची, थेट संशोधनाशी संबंधित शास्त्रीय पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा केंद्राच्या जुन्या आदेशांत आहे. कारण दिले जाते ‘उत्कृष्टता’ हे. म्हणजे जिथे देशाच्या आरोग्याचे प्रश्न ठरतात, तिथेच आपल्या प्रतिनिधित्वाला कायद्याने सूट दिली आहे.

याचा अर्थ तिथे अर्जच करू नये असा नाही. सर्वच केंद्रीय संस्था वगळलेल्या नाहीत, आणि काही ठिकाणी संस्थेच्या स्वतःच्या नियमांनी जागा राखल्या जातात. म्हणून प्रत्येक जाहिरात बारकाईने वाचावी. पण आपल्या संघटनांनी माहितीच्या अधिकारात साधे प्रश्न विचारायला हवेत. गेल्या पाच वर्षांत पीएच.डी.ला किती अर्ज आले, किती जणांना मुलाखतीला बोलावले, किती जणांना घेतले, प्रवर्गनिहाय? किती जण मध्येच सोडून गेले? मोर्चाच्या आधी आकडा हातात हवा.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष नाही. माणसांवरच्या प्रत्येक संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत विज्ञानाबाहेरचा सामान्य नागरिक, कायदा जाणणारा आणि समाजशास्त्राचा जाणकार असावा लागतो. आपले वकील, समाजकार्य शिकलेले कार्यकर्ते, सुशिक्षित गृहिणी तिथे बसू शकतात. गावात कोणी रक्त घ्यायला आले, तर संमतीपत्र मराठीत आहे का, ते समजावून सांगितले का, नमुन्याचे पुढे काय होणार आणि निष्कर्ष आम्हाला कळवणार का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

विहाराने काय करावे?

१९२० च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यात, माणगावला, राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जगासमोर ठेवले. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. विज्ञान ही त्यांच्या दृष्टीने मागाहून जोडायची गोष्ट नव्हती. आपण मात्र जयंतीच्या खर्चातून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढतो आणि तिथे नेटचे एक पुस्तकही नसते.

प्रत्येक तालुक्यात चार गोष्टी करता येतील. अभ्यासिकेत लाइफ सायन्सेसची पुस्तके आणि मागच्या प्रश्नपत्रिका ठेवाव्यात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला, बऱ्याच संस्था दारे खुली ठेवतात तेव्हा, अकरावी-बारावीच्या मुलामुलींना पुण्याला घेऊन जावे. आपल्यातले जे संशोधन करत आहेत त्यांचा एक गट करावा आणि त्यातल्या प्रत्येकाने दोन विद्यार्थ्यांना धरून ठेवावे. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, कोणत्या प्रयोगशाळेत वातावरण चांगले आहे, हे सांगणारे कोणीतरी हवे असते. आणि एक छोटा आधार निधी उभारावा, जो फेलोशिप येईपर्यंत सहा महिने खर्च देईल आणि ती आली की परत घेईल. दहा नोकरदारांनी ठरवले तर एका संशोधकाचा बंदोबस्त होतो.

आजारी भिक्खूला इतरांनी टाकून दिले होते, तेव्हा भगवंतांनी स्वतः त्याला स्वच्छ केले आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा असल्याचे संघाला सांगितले. आजच्या काळात त्या सेवेचा एक भाग सूक्ष्मदर्शकापाशी बसून करायचा आहे. सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्राची म्हणून, होते. आपल्या ओळखीतली एम.एस्सी. करणारी एक मुलगी किंवा एक मुलगा शोधा आणि तिने किंवा त्याने येत्या सत्राचा अर्ज भरला का, एवढे आज विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!